शिवडीला जाताय? आधी तिथी बघा (मुंबईच्या किनाऱ्यावर हिवाळ्यातले पक्षी बघायची माझी पद्धत)

पहिल्यांदा शिवडीला फ्लेमिंगो बघायला गेलो तेव्हा मी सगळं अगदी नीट केलं होतं. पहाटे पाचला उठलो, थर्मासमधे चहा भरला, मित्राची दुर्बीण मागून आणली, हार्बर लाइनची गाडी पकडली आणि सात वाजता जेटीवर हजर. समोर काय, तर चिखल. म्हणजे नुसता चिखल, नजर पोचेल तिथपर्यंत, आणि त्याच्याही पलीकडे धुरक्यात एक गुलाबीसर रेघ, ती पण डोळे बारीक केले तर. त्यात सूर्य बरोब्बर समोरून डोळ्यात. तासभर थांबलो, दुर्बिणीतून गुलाबी ठिपके मोजायचा प्रयत्न केला, सोडून दिला. बाजूला एक काका जाळं दुरुस्त करत बसले होते, ते बराच वेळ माझ्याकडे बघून शेवटी म्हणाले, "पाणी गेलंय रे बाळा. आज तिथी कुठली, बघून आलास का?"

नव्हती बघितली. अलार्म बघितला, ट्रेनचं टाइमटेबल बघितलं, सूर्योदयाची वेळ पण बघितली, पण तिथी बघून पक्षी बघायला जायचं असतं हे कोणी सांगितलंच नव्हतं. तर हे सगळं त्यासाठीच लिहितोय. जंगलात पक्षी बघायचे तर पहाटे जा, हे बरोबर आहे, पण खाडीवरचे पक्षी सूर्याच्या घड्याळावर चालत नाहीत, ते भरती-ओहोटीच्या घड्याळावर चालतात. रात्री दोनला ओहोटी असेल तर रात्री दोनला पण चरतात. आपण त्यांच्या वेळेला जायचं, एवढीच युक्ती आहे, बाकी दुर्बीण वगैरे नंतर.

आता काकांनी शिकवलेलं गणित. तिथीची पाऊणपट करायची, झाली भरतीची वेळ. आज चतुर्थी आहे, चार गुणिले पाऊण म्हणजे तीन, तर पूर्ण भरती साधारण तीनला, दुपारी पण आणि पहाटे पण. त्यात सहा मिळवले की ओहोटी, म्हणजे नवाला. अष्टमीला भरती सहाला, ओहोटी बाराला. शुक्ल पक्ष असो की कृष्ण पक्ष, दोन्हीला चालतं, कारण आपल्याकडे दोन्ही पक्षात तिथ्या एकपासूनच मोजतात. हे चालतं कसं, तर भरती रोज साधारण पाऊण तास ते पन्नास मिनिटं पुढे सरकते, चंद्र रोज तेवढा उशिरा येतो म्हणून, आणि पाऊणपट म्हणजे रोजचा पाऊण तास, इतकं सोपं. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं हे धरून चाला, आणि नेमकी वेळ हवी असेल तर टाइड टेबलचं कुठलंही अॅप आहेच, पण मी अजूनही आधी भिंतीवरच्या कॅलेंडरकडेच बघतो. पुढच्या महिन्यातला कुठला रविवार मोकळा ठेवायचा हे दहा सेकंदात कळतं, अॅपमधे स्क्रोल करत बसावं लागत नाही.

माझं त्या दिवशी काय चुकलं ते आता बघा. ती पौर्णिमेनंतरची द्वितीया होती. दोनाची पाऊणपट दीड, म्हणजे भरती दुपारी दीडला आणि ओहोटी सकाळी साडेसातला. मी बरोब्बर ओहोटीच्या तळाला जाऊन उभा. त्यात अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाणी जेवढं वर चढतं तेवढंच लांब पण जातं, मुंबईत उधाणाला भरती-ओहोटीत चार-पाच मीटरचा फरक पडू शकतो. अष्टमीच्या आसपास भांग असते, तेव्हा पाणी धड येतही नाही आणि धड जातही नाही. पाणी लांब गेलं की पक्षी पण पाण्याच्या कडेकडेने लांब जातात, कारण खाणं सगळं त्या ओल्या कडेला. पाणी परत चढायला लागलं की तीच कड सरकत सरकत जेटीकडे येते आणि पक्षी चालत चालत तुमच्याकडे येतात, तुम्हाला काही करायचंच नसतं, उभं राहायचं फक्त. म्हणून शिवडीला भरतीच्या अडीच तास आधी पोचा आणि तासभर आधीपर्यंत थांबा. पूर्ण भरतीला चिखल पाण्याखाली जातो आणि सगळे उडून दुसरीकडे जातात. ते कुठे जातात ते पुढे सांगतो.

दुसरी गोष्ट उजेडाची. शिवडीची जेटी पूर्वेला तोंड करून आहे, त्यामुळे सकाळी सूर्य समोर आणि सगळे पक्षी काळे दिसतात, फ्लेमिंगो असो की कावळा. दुपारनंतर सूर्य पाठीमागे जातो आणि मग जो गुलाबी रंग दिसतो तो फोटोत येत नाही, खरंच नाही येत. म्हणजे भरती दुपारी चार-पाचला हवी, म्हणजे पंचमी ते सप्तमी. षष्ठीला साडेचारची भरती, दोनला पोचा, साडेतीनपर्यंत भरपेट बघा. दुसरी जागा नवी मुंबईतली ऐरोली, तिची बाजू उलटी, ती ठाणे खाडीच्या पूर्व काठावर आहे आणि तोंड पश्चिमेला, म्हणून तिथे सकाळचा उजेड चांगला. मी तर सरळ असं लक्षात ठेवतो: शिवडी जेवून, ऐरोली उपाशी.

जायचं कसं ते पटकन सांगतो. शिवडी स्टेशनला पूर्वेला उतरायचं, जेटी चालत पंधरा-वीस मिनिटं, रस्ता गोदामांचा आणि ट्रकचा आहे, धूळ असते, मास्क असला तर बरं. टॅक्सी पण मिळते. रिक्षा शोधू नका, शहरात रिक्षा नाही हे उपनगरवाले दरवेळी विसरतात. जेटीवर उभं राहिलात की अटल सेतू दिसतोच, जानेवारी २०२४ मधे सुरू झाला, इथूनच निघतो आणि चिखलाच्या भागावरून जातो. पुलाच्या कामाच्या काळात पक्षी कमी-जास्त झाले का यावर पक्षीवाल्यांना विचारू नका, संध्याकाळ जाईल. ऐरोलीला वनविभागाचं कोस्टल अँड मरीन बायोडायव्हर्सिटी सेंटर आहे, तिथून बोटीने खाडीत नेतात. बोटीच्या वेळा पण भरतीवरच ठरतात, म्हणून आधी बुकिंग करूनच जा आणि शनिवार-रविवार टाळता आला तर टाळा. ऐरोलीकडचा हा पट्टा म्हणजे ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य, २०१५ मधे जाहीर झालं, जवळजवळ १७०० हेक्टर, आणि २०२२ पासून रामसर दर्जाची, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची, पाणथळ जागा आहे.

आता रोहित, म्हणजे फ्लेमिंगो. नोव्हेंबर-डिसेंबरपासून यायला लागतात, जानेवारी ते मार्च मस्त असतात, मेपर्यंत पण राहतात, तेव्हा डिसेंबरमधे नाही दिसले म्हणून रडू नका. येतात बरेचसे कच्छच्या रणाकडून, आणि पूर्ण सीझनमधे आकडा लाखाच्या वर जातो. दोन जाती असतात आणि पहिल्या भेटीत ओळखता येतात. लहान रोहित जास्त गुलाबी, बुटका, आणि चोच गडद लालकाळी, लांबून काळीच वाटते. मोठा रोहित उंच, अंगाने पांढराच म्हणा, चोच फिकी गुलाबी आणि टोकाला शाई लावल्यासारखी काळी. मधेच राखाडी, मळकट दिसणारे असतात ते आजारी नाहीत, ती पिल्लं आहेत, गुलाबी रंग खाण्यातून येतो आणि तो चढायला दोन-तीन वर्षं लागतात. दुर्बीण एकाच पक्ष्यावर पाच मिनिटं धरून ठेवा. डोकं उलटं करून चोच पाण्यात घालतो, वरची चोच खाली आणि खालची वर, आणि गळा सारखा थरथरत असतो, तो जिभेने पंपासारखं पाणी आत-बाहेर करतोय आणि चोचीतल्या जाळीत शेवाळ अडकवतोय. मोठा रोहित त्याबरोबर बारीकसारीक किडे, कोळंबीचे पिटुकले भाईबंद पण खातो. लोक येतात, सेल्फी काढतात, जातात, आणि ही गंमत तशीच राहते.

पण खरं सांगू का, माझ्या मते रोहित म्हणजे शिवडीचं फक्त ट्रेलर. त्यांच्या पायाशी बघा. चिखलावर उंदीर पळतायत असं वाटेल असे छोटे छोटे राखाडी पक्षी, शेकड्याने. त्यातला सगळ्यात छोटा, सारखा शिलाई मशीनसारखी चोच मारणारा, तो छोटा टिलवा. वजन वीस-तीस ग्रॅम, म्हणजे एका पार्ले-जीच्या छोट्या पुड्यापेक्षा पण कमी, आणि हा प्राणी उन्हाळा घालवतो उत्तर ध्रुवाजवळच्या टुंड्रात, तिथून उडत आपल्या शिवडीच्या गाळात येतो. मला हे कळलं तेव्हा मी रोहितांकडे पाठ करून अर्धा तास यालाच बघत बसलो. लांब पायाचा काळा-पांढरा, गुलाबी पाय, तो शेकाट्या, सगळ्यात सोपा. लांब सरळ चोच पार मुळापर्यंत चिखलात खुपसणारा तो पाणटिवळा. लांब आणि खाली वाकलेली चोच असेल तर कर्ल्यू. केशरी-लाल पाय आणि उडताना पंखाच्या मागच्या कडेला पांढरा पट्टा, तो रेडशँक, आणि हा फार ओरडतो, तुम्हाला आधी हाच बघतो आणि सगळ्या चिखलाला कळवतो.

नवीन माणसाने या छोट्यांची नावं लावायच्या भानगडीत पहिल्याच दिवशी पडू नये असं माझं मत. हिवाळ्यात सगळे राखाडी असतात, तज्ज्ञ पण भांडतात. तीन गोष्टी बघायची सवय लावा: चोच किती लांब आणि कुठे वळलीय, पायाचा रंग, आणि खायची पद्धत, म्हणजे टोचतोय, खुपसतोय की थोडा पळून थांबून परत पळतोय. पळून-थांबून करणारे ते चिखल्ये, हे अक्सा-गोराईच्या वाळूवर पण दिसतात. वहीत चित्र काढा, वाईट आलं तरी चालेल, माझी सगळी पाणटिवळ्यांची चित्रं कोंबडीसारखी आहेत. मग घरी येऊन मर्लिन या पक्षी ओळखायच्या अॅपवर बघा, आणि ई-बर्ड या पक्ष्यांच्या नोंदींच्या साइटवर यादी टाका, एखाद्या पक्ष्याचं नाव माहीत नसेल तर ते सोडून बाकीचे टाका, अंदाजाने भरू नका.

दुर्बीण कुठली घ्यायची हा प्रश्न हमखास येतो. आठ बाय बेचाळीस. आठ म्हणजे किती पट मोठं दिसतं आणि बेचाळीस म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमधे. दहा पटीची घेतली की हात थोडा हलला तरी सगळं नाचतं. आणि पहिल्या दोन-तीन वेळा घेऊच नका, कोणाची तरी मागा, कुठल्यातरी ग्रुपबरोबर जा. बीएनएचएस, म्हणजे १८८३ सालची आपली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी, त्यांच्या फेऱ्या असतात, आणि ५ ते १२ नोव्हेंबर महाराष्ट्रात पक्षी सप्ताह असतो, मारुती चितमपल्लींचा वाढदिवस ५ ला आणि सलीम अलींचा १२ ला म्हणून. त्या आठवड्यात इतके कार्यक्रम असतात की स्कोपमधून, म्हणजे तिपाईवरच्या मोठ्या दुर्बिणीतून, फुकट बघायला मिळतं.

पूर्ण भरतीला हे सगळे कुठे जातात ते सांगायचं राहिलं. चिखल बुडाला की यांना कोरडं किंवा घोट्याएवढं पाणी असलेलं, शांत ठिकाण लागतं, तिथे पाणी उतरेपर्यंत एका पायावर उभे राहून झोपा काढतात. नवी मुंबईत नेरुळ-सीवूड्सच्या पाणथळ जागा, उरणकडे पाणजे, आपल्याकडे भांडुपचं पंपिंग स्टेशन. म्हणून शिवडीची वेळ चुकली आणि पाणी भरलं असेल तर कपाळाला हात लावू नका, नवी मुंबईत पाम बीच रोडच्या बाजूला निघा, तिथे भरतीला पक्षी जास्त जवळून दिसतात. या जागा बुजवल्या किंवा रात्री लखलखीत दिवे लावले की थवे भलत्या वेळी उडतात. मे २०२४ मधे घाटकोपरला विमानाला धडकून तीसहून जास्त रोहित मेले, रात्रीची वेळ होती. सोसायटीच्या बाहेरची 'रिकामी' जागा काही लोकांना उगाच पडून असलेली वाटते, काय बोलणार.

भांडुपला जायचं तर सकाळी जा, तिथे खारफुटी आणि तळी दोन्ही आहेत, म्हणून बदकं पण दिसतात, थापट्या वगैरे, आणि वरून मार्श हॅरियर हा शिकारी पक्षी घिरट्या घालत आला की सगळं तळं एकदम उठतं. घारी सोडून दुसरं काहीतरी मोठं वर दिसलं आणि पोट पांढरं, डोळ्यावर काळी पट्टी असेल तर ऑस्प्रे. डास मरणाचे, पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला. खारफुटीच्या कडेला ओहोटीला खाली बघा, चिखलात निवट्या दिसतात, मासा असून पंखांवर चालतो आणि डोळे डोक्यावर ठेवल्यासारखे, एक दुसऱ्याच्या हद्दीत गेला की पाठीवरचा पंख उभारून दोघं भांडतात, अगदी चाळीतल्या नळावर भांडतात तसं.

ज्यांना एवढं लांब जायचं नाही त्यांच्यासाठी कुरव, म्हणजे सीगल. मरीन ड्राइव्ह, गिरगाव, माहीम, वर्सोवा, गेटवेची लाँच, कुठेही. बहुतेक दोन जाती: काळ्या डोक्याचा आणि तपकिरी डोक्याचा, आणि गंमत अशी की हिवाळ्यात दोघांचंही डोकं पांढरं, कानामागे फक्त एक काळपट ठिपका. तपकिरीवाल्याचं बुबुळ फिकं, आणि उडताना पंखाच्या काळ्या टोकात पांढरे ठिपके आरशासारखे. हा लडाख-तिबेटच्या तळ्यांवर पिल्लं काढतो. मार्चमधे परत बघा, डोक्यावर गडद रंगाची टोपी चढायला सुरुवात झालेली असते. आणि प्लीज, लाँचवरून गाठ्या-चिप्स फेकू नका, तेल-मीठ त्यांच्या कामाचं नाही आणि त्यांना बोटीमागे भीक मागायची सवय लागते. लाँचवर पाकीट विकणारा मला दरवेळी "साब, पुण्य मिलेगा" म्हणतो.

मरीन ड्राइव्ह किंवा बँडस्टँडला असाल आणि समुद्र शांत असेल तर सकाळी लांबवर नजर ठेवा, हंपबॅक डॉल्फिन दिसतात, पाठीवर उंचवटा आणि त्यावर छोटा पंख. उडी वगैरे मारतील असं डोक्यात ठेवू नका, पाठ वर येते, जाते, आणि तुम्ही शेजारच्याला दाखवेपर्यंत संपलं.

आणि ज्या उधाणाच्या ओहोटीने माझा शिवडीचा पोपट केला, तीच ओहोटी खडकाळ किनाऱ्यावर सोनं आहे. द्वितीया-तृतीयेला सकाळी साडेसात-आठला पाणी पार खाली जातं, तेव्हा कार्टर रोड, बँडस्टँड, हाजी अलीकडचे खडक उघडे पडतात. टाइड टेबलमधे ओहोटीची उंची बघा, अर्ध्या मीटरच्या आसपास असेल तर निघा. ओहोटीच्या तासभर आधी उतरा, पाणी खाली जात असताना, आणि ओहोटीची वेळ झाली की परत फिरा, पाठीमागून पाणी कधी भरतं कळत नाही. खड्ड्यातल्या पाण्यात बघायचं, उभं राहून नाही, उकिडवं बसून, पाच मिनिटं न हलता. आधी काहीच नसतं. मग एक शंख चालायला लागतो, तो शंखातला खेकडा. मग ज्याला तुम्ही शेवाळ समजला होतात त्याला तोंड असतं, समुद्रफूल. एकदा माझ्या समोरचा दगड रंग बदलून हळूच दुसऱ्या दगडाखाली गेला, ऑक्टोपस, माझ्या मुठीएवढा, आणि मी मुंबईत जन्मल्यापासून राहतोय! हाजी अलीच्या खडकांवरचे काही प्रवाळ कोस्टल रोडसाठी कुलाब्याच्या नेव्हीनगरकडे हलवले होते २०२० मधे, म्हणजे प्रवाळ पण आहे आपल्याकडे, आणि ते १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहे, उचलायचं नाही.

हात कशालाच लावू नका. निमुळत्या शंकूसारखे शंख तर नाहीच, त्यातल्या काहींचा डंख विषारी असतो. उथळ पाण्यात पाय घासत चाला, वाळूत पाकट बसलेला असेल तर निघून जातो, त्याच्या अंगावर पाय पडला की मग शेपटीचा काटा. दगड उचलून बघितला तर तसाच परत ठेवा, उलटा टाकला की खालचं सगळं उन्हात मरतं. आणि पायात बूट हवेत, जुने, पट्टा असलेले किंवा नाडीवाले. खडकांवर कालवं असतात, ब्लेडसारखी कापतात. मी एकदा स्लिपरवर गेलो, एक स्लिपर फटीत अडकली, ती काढताना पाय घसरला आणि तळवा पार चिरला. तिथे कालवं फोडायला आलेल्या दोन मावश्या होत्या, त्यांनी ओढणीच्या फडक्याने पाय बांधून दिला, मला खडकावर बसवलं आणि त्यातली एक दुसरीला म्हणाली, "बघ, शिकलेला दिसतोय." दुसऱ्या दिवशी धनुर्वाताचं इंजेक्शन.

चिखलात मात्र बूट घालून पण उतरायचं नाही. शिवडीचा चिखल वरून घट्ट दिसतो, पाय गुडघ्यापर्यंत जातो, कधी कमरेपर्यंत. जेटीवरूनच बघा. पक्षी उडाले की फोटो भारी येतो म्हणून टाळ्या वाजवणारे, दगड मारणारे महाभाग दरवेळी एक-दोन भेटतात. त्यांना मी ओरडत नाही, दुर्बीण हातात देतो आणि छोटा टिलवा शोधायला लावतो. सापडेपर्यंत पंधरा मिनिटं गप्प असतात.

या महिन्याची शुक्ल षष्ठी कधी आहे ते बघून ठेवा. दोनच्या आधी जेटीवर या, टोपी आणि पाणी आणा, जेटीवर सावली नाही. काका असतील तर त्यांच्यासाठी पण एक कटिंग घेऊन या, कमी साखरेची.